सगळं रोबोट करत असतील तर तिथे मला काय काम? भिवंडीहून जर्मनीला निघालेल्या मित्राला उत्तर

तुझा प्रश्न धाकट्या भावाने पाठवला. वर्षातून चार-पाच जण हाच प्रश्न विचारतात, म्हणून इतरांसाठीही आधी थोडक्यात मांडतो. तू डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला जाऊन मेकॅनिकलमध्ये बी.ई. केलंस. सात वर्षं भिवंडीत, पडघ्याच्या बाजूला, एका थर्ड पार्टी लॉजिस्टिक्सच्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचा माल सांभाळणाऱ्या, गोदामात आहेस आणि आता शिफ्ट इनचार्ज आहेस. बायको आणि तीन वर्षांची मुलगी घेऊन जर्मनीला यायचंय. एजंट साडेचार लाख मागतोय आणि रोबोटिक्सचा सहा महिन्यांचा कोर्स कर म्हणतोय. तिथे सगळं यंत्रच करत असेल तर गोदामातल्या माणसाला कोण विचारणार, ही तुझी धास्ती आहे.

मी दहा वर्षं डॉर्टमुंडजवळ आहे. त्याआधी तीन वर्षं चाकणला सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये होतो. माझं उत्तर असं: ये. कोर्सचे आणि एजंटचे पैसे वाचव, जर्मन शिक, आणि आपल्याला माल कळतो हेच तुझं भांडवल आहे हे धरून ये. असं का म्हणतो ते सांगतो.

इथे यंत्रं आली कारण जमीन महाग आणि माणूस त्याहून महाग. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं, जानेवारी २०२६ पासून १३.९० झालं. रात्रपाळीला माणसं मिळवायला कष्ट पडतात. भिवंडीचं गणित वेगळं होतं. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून तिथे गाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, तरी महामार्ग आणि बंदर जवळ असल्यामुळे गोदामं वाढतच राहिली. आपल्याकडे माल वाढला की चार माणसं वाढवता येतात. इथे माणसांऐवजी इमारत उंच करतात. तीस-चाळीस मीटर उंच रॅक आणि त्यांच्यामधून रुळावर धावणारी क्रेन. काही ठिकाणी तर रॅकच छप्पर आणि भिंती पेलतो.

छोट्या वस्तूंसाठी नॉर्वेच्या ऑटोस्टोअर या कंपनीची पद्धत बरीच दिसते. अॅल्युमिनियमच्या जाळीखाली टोपल्या एकावर एक रचलेल्या असतात, मध्ये गल्लीच नाही. वरून रोबोट फिरतात, टोपली उचलतात आणि पिकरच्या, म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल काढणाऱ्याच्या, खिडकीशी आणून ठेवतात. खालची टोपली हवी असेल तर वरच्या बाजूला काढून ठेवाव्या लागतात. पण काम झालेली टोपली परत वरच ठेवली जाते, त्यामुळे वारंवार लागणारा माल आपोआप वरच्या थरात राहतो. आपण एबीसी काढून, म्हणजे खपाप्रमाणे मालाची वर्गवारी करून, फास्ट मूव्हिंग माल डॉकजवळ, ट्रक लागतात तिथे, आणतो, तेच इथे कोणी न सांगता रोज घडत राहतं. मला या पद्धतीतली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. दुसरी तऱ्हा अख्खं शेल्फच माणसापाशी नेणाऱ्या रोबोटची. अॅमेझॉनने २०१२ मध्ये किव्हा ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरला घेतली, ती याच तंत्रासाठी.

आता यात माणूस कुठे लागतो ते बघ. पॅलेट, म्हणजे माल रचलेला लाकडी पाट, आत येते तेव्हा क्रेनपर्यंत जाण्याआधी तिला एका तपासणीच्या जागेतून जावं लागतं. इथे त्याला ई-पुंक्ट म्हणतात. लेबल वाचलं जातं, वजन होतं, माल चारही बाजूंनी मापात आहे का ते प्रकाशकिरण बघतात. खालची फळी मोडलेली असेल, पेटी दोन सेंटिमीटर बाहेर आली असेल, स्ट्रेच फिल्मचं टोक लोंबत असेल, तर पॅलेट बाजूच्या लेनवर ढकलली जाते. भिवंडीत असली पॅलेट हमाल हाताने सरळ करतो आणि रॅकवर चढवतो, कुठे नोंदही होत नाही. इथे तिच्यासाठी माणूस यावा लागतो, कारण शोधावं लागतं, आणि तेच कारण पुन्हा येत असेल तर पुरवठादाराशी बोलावं लागतं. हे काम कुठल्याही रोबोटिक्सच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. तू सात वर्षं तेच करतोयस.

माझा अनुभव सांगतो. इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी आम्ही एक शटल सिस्टिम सुरू केली. रॅकच्या प्रत्येक मजल्यावर छोटी गाडी धावते आणि टोपल्या आत-बाहेर करते. मालाच्या लांबी-रुंदी-उंचीची यादी तपासून मान्य करायचं काम माझ्याकडे होतं. यादी भरलेली होती, एकही रकाना रिकामा नव्हता, म्हणून मी सही केली. सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात गाड्या अडकायला लागल्या. गॅस्केट आणि सीलच्या पिशव्यांची मापं जुनी होती. पुरवठादाराने पॅकिंग बदललं होतं आणि पिशव्या टोपलीच्या काठावर फुगून येत होत्या. एक पिशवी किरण तोडते, गाडी थांबते, त्या मजल्याचा सगळा माल बंद. चार रात्री आम्ही हातात टेप घेऊन साडेआठशे आयटम पुन्हा मोजले. चूक माझी होती. रकाना भरलेला आहे आणि आकडा खरा आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला चाकणला पक्कं माहीत होतं. तिथे सायकल काउंटला, म्हणजे ठराविक दिवसांनी माल मोजताना, मी सिस्टिमवर कधीच विश्वास ठेवला नव्हता. इथली चकाचक यंत्रं बघून मी तो संशय सोडला होता. तू सोडू नकोस.

हाताने चालणारं गोदाम खोटी माहिती पचवतं, कारण मध्ये विचार करणारा माणूस असतो. यंत्राचं गोदाम ती पचवत नाही. त्यात यंत्रं साखळीने जोडलेली असतात. समज, एकामागून एक दहा टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा शंभरातले ९९ तास नीट चालतो. ऐकायला उत्तम. पण ०.९९ दहा वेळा गुणला की ०.९० येतो, म्हणजे सगळी साखळी एकदम चालू असण्याची वेळ शंभरात नव्वद तास. म्हणून मध्ये बफर, म्हणजे माल थोडा वेळ थांबवायची जागा, ठेवतात, पर्यायी रस्ता ठेवतात आणि प्रत्येक श्टोरुंग, म्हणजे बिघाडाची थांबणी, मिनिटासह लिहून ठेवतात. सोमवारी सकाळच्या बैठकीत यावरच बोलणं होतं. कोणती लेन, किती वेळा, कशामुळे. असं बोलू शकणाऱ्या माणसाला इथे मान आहे.

आणि अजून कितीतरी कामं हातानेच होतात. कंटेनरमध्ये सुटी खोकी कोंबून आली असतील तर बहुतेक ठिकाणी ती माणसंच उतरवतात. परत आलेला माल उघडून बघायला माणूसच लागतो. कानाला हेडफोन लावून आवाजाच्या सूचनेवर माल काढणारे पिकर हजारोंनी आहेत. पण त्या कामासाठी तू येऊ नकोस. त्यात पाठ जाते, आणि तुझ्या शिक्षणावर मिळणारा व्हिसाही त्या कामावर मिळत नाही.

आता एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. कन्व्हेयर अडकला की त्यावर चढून लाथेने खोकं सोडवायची सवय आपल्याकडे आहे. मलाही होती. इथे ती विमानात बसण्याआधी सोडून दे. कुंपणाच्या आत जायचं तर यंत्र बंद करायचं, किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवायची, मगच दार उघडायचं. किल्ली खिशात आहे तोवर दुसरा कोणी यंत्र चालू करू शकत नाही, हा त्यातला जीव वाचवणारा भाग. क्रेन थांबलेली दिसते, पण ती फक्त पुढच्या आदेशाची वाट बघत असते. घाईत कुंपण ओलांडणाऱ्याला इथे कोणी शाबासकी देत नाही, नोकरी जाते. आगीचंही तसंच. इंग्लंडमध्ये एरिथला ओकाडो या ऑनलाइन किराणा कंपनीच्या गोदामात जुलै २०२१ मध्ये जाळीवरचे तीन रोबोट एकमेकांवर आदळून आग लागली होती. इतकी दाटीवाटीची रचना असते तेव्हा आग विझवायला कुठून शिरायचं, हा प्रश्न आराखड्यातच सोडवावा लागतो.

दुसरी नवी वाटेल अशी गोष्ट म्हणजे बेट्रीब्सराट, कामगारांनी निवडून दिलेली समिती. माणसाच्या वागण्यावर किंवा कामाच्या वेगावर नजर ठेवू शकेल असं कोणतंही तांत्रिक साधन आणायचं असेल तर कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे या समितीची संमती लागते. हातातला स्कॅनर कोण तासाला किती पिक करतो ते सांगू शकतो, म्हणून तोही यात येतो. पिकरवार रिपोर्ट काढून भिंतीवर लावायचा, असं तुझ्या गोदामात होत असेल, इथे तसं करता येत नाही. सुरुवातीला मला हा अडथळा वाटायचा. आता वाटतं की समितीला आधीपासून बरोबर घेतलेलं काम टिकतं, कारण यंत्राशेजारी उभं राहणाऱ्याने ते आधी बघितलेलं असतं. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, तेव्हा ओझं वाहणाऱ्याच्या बाजूने कायदा उभा राहिला. त्या परंपरेतून आलेल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये.

शिकायचं काय? पहिलं जर्मन. कार्यालयात इंग्रजी चालेल असं तुला कोणीही सांगेल, पण गोदामाच्या फरशीवर पोलिश, तुर्की, रुमानियन, सिरियन माणसं एकमेकांशी जर्मनच बोलतात. बी-वन पातळीशिवाय, म्हणजे रोजचं बोलणं जमेल एवढ्या जर्मनशिवाय, निघू नकोस. मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात वर्ग असतात. कल्याणहून लोकलने जाऊन शनिवार-रविवार केलास तरी चालेल. दुसरं, सॅप कंपनीचं ईडब्ल्यूएम, म्हणजे गोदाम चालवायचं सॉफ्टवेअर. तू सध्या वेगळा डब्ल्यूएमएस, म्हणजे याच प्रकारचं दुसरं सॉफ्टवेअर, वापरतोस, हरकत नाही. पुटअवे (माल जागेवर लावणं), रिप्लेनिशमेंट (रिकामी जागा पुन्हा भरणं), वेव्ह (ऑर्डरी गटाने काढणं) या कल्पना त्याच आहेत, पडदे वेगळे. तिसरं, पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा संगणक, कसा विचार करतो एवढं समजून घे. प्रोग्राम लिहिता यायलाच हवा असं नाही, पण डब्ल्यूएमएसकडून आलेला संदेश पीएलसीला मिळाला का, त्याने उत्तर काय दिलं, हा लॉग वाचता आला पाहिजे. रात्री दोन वाजता भांडण यावरच होतं: यांत्रिकवाले म्हणतात सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअरवाले म्हणतात सेन्सर. चौथं, प्रत्येक पॅलेटची ओळख सांगणारं १८ अंकी एसएससीसी लेबल नीट समजून घे. आणि जमलं तर व्हीडीए ५०५० बद्दल वाच. वेगवेगळ्या कंपन्यांच्या चालकविरहित गाड्या एकाच नियंत्रणाखाली चालाव्यात म्हणून जर्मन वाहनउद्योग आणि यंत्रउद्योगाच्या संघटनांनी मिळून केलेला तो संवादाचा नमुना आहे. मुलाखतीत त्यावर दोन वाक्यं बोलता आली तरी समोरचा सरसावून बसतो.

एक वाट अशीही आहे की आधी पुण्यात नोकरी बदल. नेदरलँड्सच्या वेगेल गावची व्हांडरलांडे ही कन्व्हेयर आणि सॉर्टर बनवणारी मोठी कंपनी आहे, तिचं पुण्यात केंद्र आहे. अशा ठिकाणी दोन वर्षं साइट कमिशनिंग, म्हणजे यंत्रणा जागेवर बसवून चालू करून देण्याचं काम, केलंस तर युरोपातला मालक तुझा अर्ज वेगळ्या नजरेने बघेल. मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं. मुलगी लहान आहे, दोन वर्षांनी काही बिघडत नाही.

कागदपत्रांचं भराभर सांगतो. तुझी बी.ई. इथे पदवी म्हणून चालते का ते अनाबिन या सरकारी यादीत बघ, विद्यापीठापुढे एच प्लस, म्हणजे मान्य असल्याची खूण, हवी. डिप्लोमा त्यात पदवी धरला जात नाही, बी.ई. धरलीस हे बरं केलंस. ब्लू कार्डसाठी, म्हणजे पदवीधरांना नोकरीवर मिळणाऱ्या परवान्यासाठी, २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो पगार लागत होता, टंचाईच्या व्यवसायांना ४३,७५९.८० युरो. अभियंते त्या यादीत आहेत. हा आकडा दर जानेवारीत बदलतो, अर्ज करताना ताजा बघ. हातात पूर्ण पगार येत नाही. कर आणि विमे जाऊन एकट्या माणसाला साधारण साठ-पासष्ट टक्के उरतात. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही. तरी तिलाही तुझ्याबरोबर वर्गाला ने. नाहीतर पहिला हिवाळा घरात बसून काढणं तिला फार जड जाईल. नोकरी हातात नसताना यायचं तर जून २०२४ पासून सुरू झालेलं शान्सेनकार्टे आहे. त्यात वर्षभर शोधायला मिळतं आणि आठवड्याला २० तास काम करता येतं, पण २०२५ च्या हिशोबाने महिन्याला १,०९१ युरोप्रमाणे पैसे आधी दाखवावे लागतात. कुटुंब मागे ठेवून हा धोका मी घेणार नाही.

एजंटला एक रुपया देऊ नकोस. राष्ट्रीय व्हिसाची फी ७५ युरो आहे आणि सगळी माहिती 'मेक इट इन जर्मनी' या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते. नोकरी देणारा चांगला मालक उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

आजपासून एक काम सुरू कर. महिनाभर तुझ्या शिफ्टमध्ये जे जे अडलं ते एका वहीत लिही: तारीख, वेळ, कोणता माल, काय झालं, किती मिनिटं गेली, तू काय केलंस. लेबल वाचलं गेलं नाही, ग्राहकाची पॅलेट १२०० बाय १००० मिलिमीटरची आली आणि रॅकच्या बीमवर बसली नाही, जीआरएन (माल आल्याची नोंद) आणि प्रत्यक्ष मालात फरक निघाला, सगळं. महिन्याच्या शेवटी त्याची बेरीज काढ आणि त्यातली पहिली तीन कारणं कशी कमी केलीस ते आकड्यांत मांड. सीव्हीच्या पहिल्या पानावर तेवढंच टाकू, बाकीची सजावट काढून टाकू. वही भरली की रविवारी संध्याकाळी तुझ्याकडे सात वाजता फोन कर. इथे तेव्हा दुपार असते आणि मला सुट्टी असते.