देवघरातली सिंहवाली बाई आणि बसऱ्याला गेलेले पणजोबा

मे महिन्यात गावी जाऊन आलेले लोक जून लागला की या सदराला पत्रं पाठवतात हा आता नेमच झालाय. माळ्यावरची ट्रंक उघडली जाते, कोणाला बिल्ला सापडतो, कोणाला वाळवीने खाल्लेला कागद, आणि मग प्रश्न येतो की आमच्या घरातलं कोण फौजेत होतं ते शोधायचं कसं. यावेळी तीन पत्रं एकाच वळणाची आली म्हणून एकत्रच घेतोय, पहिल्याला जागा जास्त जाणार, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही मूळचे राजापूर तालुक्यातले, आता डोंबिवलीला असतो. यंदा गावच्या घराची कौलं चाळायला काढली म्हणून देवघर रिकामं केलं तर मागच्या फळीवर एक जाड गोल थाळी मिळाली, पितळेची वाटते, त्यावर एक बाई उभी आहे आणि पुढे सिंह. आजी म्हणाली ती देवी आहे, नवरात्रात तिला हळदकुंकू व्हायचं आणि दसऱ्याच्या आधी चिंच लावून घासायची. पण कडेला इंग्रजी अक्षरं आहेत आणि एका चौकटीत चक्क पणजोबांचं नाव! घरात एवढंच माहीत आहे की पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत. भावकीत असंही बोलतात की तिकडेच राहिले, दुसरं लग्न केलं. पणजी शेवटपर्यंत कुंकू लावायची, पण तिला राजापूरच्या कचेरीतून महिन्याला काहीतरी पैसे यायचे म्हणे. आडनाव टाकून नेटवर खूप शोधलं, काही मिळत नाही. रेकॉर्ड कुठे असेल?

उत्तर : फोटो बघितला. आधी आजींना सांभाळून सांगा, ती देवी नाही. ती ब्रिटानिया, म्हणजे इंग्लंडची भारतमाता समजा, हातात त्रिशूळ आणि हार, बाजूला दोन डॉल्फिन आणि पुढे सिंह. आता बाई, त्रिशूळ आणि सिंह म्हटल्यावर आपल्याकडच्या बाईने तिला कुंकू लावलं नसतं तरच नवल. थाळी पितळेची नाही, ब्राँझची आहे, मोजून बघा, पावणेपाच इंच भरेल. कडेच्या इंग्रजीचा अर्थ असा की स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी याने प्राण दिला. महायुद्ध संपल्यावर सरकारने ही थाळी मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी पाठवली होती, साहेब असो की शिपाई थाळी तीच, म्हणून मुद्दामच तिच्यावर हुद्दा घातलेला नाही, नुसतं नाव.

यातला महत्त्वाचा शब्द मेलेल्या. जिवंत परत आलेल्याला मेडल मिळायचं, थाळी नाही, आणि पळून जाऊन तिकडे संसार थाटला त्याच्या घरी तर सरकार काहीच पाठवणार नाही. तेव्हा भावकीतलं ते दुसरं लग्न आता बंद करा. कचेरीतून येणारे पैसेही हेच सांगतात, ती पणजीची विधवा पेन्शन असणार. पेन्शन घेतली आणि कुंकूही पुसलं नाही यात मला काही उलटसुलट वाटत नाही, तिच्या दारात माणूस आला नाही, राख आली नाही, आली ती एक थाळी, ती तिने देवात ठेवली.

आता शोध. तुम्ही जे केलंत तेच मी केलं होतं, म्हणून आधी माझीच फजिती सांगतो. आईचे आजोबा याच लढाईत होते, मी त्यांना तब्बल दोन वर्षं आडनावाने शोधलं, सगळी स्पेलिंगं करून झाली, मग कंटाळून सोडून दिलं. शेवटी सापडले ते पहिल्या नावावरून, आणि आडनावाच्या जागी वडिलांचं नाव होतं, गावाचं स्पेलिंग तर असं की वाचून गाव कर्नाटकातला वाटावा. भरतीच्या वेळी कारकून विचारणार नाव काय, हा सांगणार स्वतःचं आणि बापाचं, कारकून कानाला आलं तसं इंग्रजीत उतरवणार, संपलं. तुमच्या थाळीवर पण नीट बघा, आडनाव नाहीच आहे, दुसरा शब्द तुमच्या खापरपणजोबांचं नाव असणार, घरातल्या वंशावळीशी ताडून घ्या. म्हणून माझा एकच हट्ट, आडनाव सोडा, फौजेत माणूस नंबराने ओळखला जातो, तो नंबर आणि पलटण मिळवा, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

थाळीवर नंबर नसतो. (मेडल असतं तर काम सोपं होतं, मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, मोबाइलची बॅटरी तिरकी धरली की अक्षरं उठतात. ज्यांच्याकडे मेडल आहे त्यांनी कृपा करून चिंच, रांगोळी, पीतांबरी काही लावू नका, आधीच शंभर वर्षं घासून अक्षरं गुळगुळीत झालीत. आणि त्यातलं एक मेडल चांदीचं असायचं, ते आटवून देवाचे टाक केल्याचं मी दोन घरांत ऐकलंय, त्याला इलाज नाही.) तर तुमचा नंबर मिळेल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर, ती फुकट आहे, दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांची यादी तिच्यावर आहे. शोधताना आडनावाची जागा रिकामी ठेवा, फौज इंडियन निवडा, आणि जादा माहितीचा जो रकाना आहे त्यात इंग्रजीत रत्नागिरी किंवा राजापूर टाका, कारण आपल्या शिपायांपुढे बऱ्याचदा अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा, गाव, तालुका, जिल्हा असं लिहिलेलं असतं. तिथे पणजीचं नाव निघालं तर मग शंकाच उरली नाही. स्पेलिंगचं मात्र काही खरं नाही, सखाराम हा सकाराम आणि सुखाराम पण असतो, तेव्हा नावाची पहिली तीनचार अक्षरंच टाकून बघा.

तालुक्याचा पण एक घोळ आहे. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो १९८१ ला झाला, मालवण, देवगड, वेंगुर्ला सगळं रत्नागिरीतच. लांजा आणि कणकवली हे तालुके तेव्हा नव्हतेच, त्यामुळे आजच्या लांज्यातला माणूस दुसऱ्याच तालुक्यात सापडतो. मंडणगड दापोलीत धरायचे, गुहागर चिपळुणात. सावंतवाडी तर वेगळं संस्थान, तिकडच्यांनी रत्नागिरी टाकून शोधू नये. आणि रायगडवाल्यांनी कुलाबा टाकायचं, रायगड हे नावही १९८१ चंच.

नाव सापडलं की समोर बसरा मेमोरियल दिसेल. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, १९१४ ते १९२१ मध्ये मेलेल्या आणि ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा ४० हजारांवर लोकांचं ते स्मारक. पण तिथे जाऊन नाव वाचायचं मनात असेल तर सांगून ठेवतो, इंग्रजांची आणि आपल्या अधिकाऱ्यांची नावं दगडावर कोरली, साध्या हिंदी शिपायांची नाही, पलटणीपुढे नुसता आकडा. नावं वहीत राहिली. मला याचा अजूनही राग येतो.

आता पलटण वाचायची कशी. १९०३ मध्ये मुंबई फौजेच्या जुन्या पलटणींच्या नंबरात शंभर मिळवले, म्हणजे ३ ची १०३, १० ची ११०, १७ ची ११७. मग १९२२ मध्ये मराठ्यांच्या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री केली, त्यात १०३ ही पहिली बटालियन झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी. एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन पलटणी दिसल्या तर तो बदलून गेला असं लगेच समजू नका, पलटणीचंच नाव बदललेलं असतं.

तुमच्या पणजोबांची पलटण १०३, ११० किंवा ११७ निघाली तर मृत्यूची तारीख नीट बघा. या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियातल्या कुत या गावी तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. धान्य संपलं, घोडे मारून खायची वेळ आली, आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे तोंडात घेतलं नाही आणि अंगातलं बळ गेलं. शेवटी १३ हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या कैदेत गेली, त्यातली पुष्कळ वाळवंटात चालवताना नाहीतर रेल्वेच्या कामावर मेली. तारीख वेढ्यातली असेल तर एक गोष्ट, एप्रिल १९१६ नंतरची असेल तर बहुतेक कैदेतली. पलटणीची रोजची डायरी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे, त्यात शिपायाचं नाव क्वचितच येतं पण त्या दिवशी पलटण कुठे होती, किती पडले ते कळतं.

नंबर हातात आला की मगच बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा, नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, भरतीचा अंदाज, आणि लाँग रोलमध्ये, म्हणजे पलटणीच्या शिपायांच्या जुन्या रजिस्टरात, नोंद आहे का एवढंच विचारा. नंबराशिवाय लिहिलंत तर अमक्या नावाची पन्नास माणसं आहेत, कुठली देऊ, असं होतं. मधे पेपरात पंजाबच्या सैनिकांची लाहोरला सापडलेली रजिस्टरं नेटवर आल्याची बातमी होती, ती वाचून खूप जणांनी मला लिंका पाठवल्या, पण ती पंजाबची आहेत हो, आपल्या उपयोगाची नाहीत.

आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूमला एक चक्कर मारा. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक, त्यात जन्ममृत्यू असतात, तुमचे पणजोबा परदेशात गेले म्हणून त्यांचा मृत्यू कदाचित नसेलही पण पणजीचा आणि आजोबांच्या जन्माचा सापडेल. जमीन नावावर असेल तर वारसाचा फेरफार बघा, त्यात खातेदार कधी मयत ते लिहितात. मात्र तुमचं घर खोताचं कूळ असेल तर १९४९ च्या खोती कायद्याआधी तुमचं नाव सातबाऱ्यावर शोधू नका, निराश व्हाल. जुनी पानं मोडीत निघाली तर मुंबईच्या पुराभिलेखागारात मोडी वाचणाऱ्यांचा पत्ता लागतो. गावच्या जुन्या शाळेची किंवा चावडीची भिंत पण बघून या, या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यातली इतकी मेली, अशी संगमरवरी पाटी कितीतरी गावांत आहे, चुना मारून मारून बुजलेली.

थाळी मात्र देवघरातच राहू दे.

प्रश्न : आमचं मूळ गाव मंडणगडकडे. पणजोबांच्या वडिलांच्या नावापुढे 'नाक' लागायचं आणि ते पलटणीतून पेन्शनीत निघून दापोलीला राहिले एवढंच माहीत आहे. साल साधारण १८८०च्या आधीचं. काही मिळू शकेल का?

उत्तर : हे 'नाक'च तुमची किल्ली आहे. मुंबई फौजेच्या याद्यांत महार शिपायांची नावं अशीच येतात, कोरेगावच्या स्तंभावर जी ४९ नावं आहेत त्यातली २२ 'नाक'वाली. दापोलीला पूर्वी लष्करी कॅम्प होता, म्हातारी माणसं अजून कॅम्प दापोली म्हणतात, आणि पेन्शनर फौजींची तिथे मोठी वस्ती होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे तुमच्याच मंडणगडातल्या आंबडव्याचे, आणि पेन्शनीनंतर दापोलीला राहिलेले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पण फौजेतून निवृत्त होऊन दापोलीतच. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने महारांची भरती बंद केली तेव्हा पुन्हा घ्या म्हणून अर्ज लिहिला तो वलंगकरांनी. त्यानंतर १९१७ ला १११ महार पलटण उभी केली, ती १९२१ ला मोडली, आणि आजची महार रेजिमेंट १९४१ ची. म्हणजे तुमच्या माणसाचा कागद महार रेजिमेंटकडे नसणार, तिकडे पत्र घालण्यात वेळ दवडू नका. मुंबईला पुराभिलेखागारात मिलिटरी डिपार्टमेंटचे जुने खंड आहेत, तिथे बसा, पण साध्या शिपायाचं नाव निघणं नशिबाचा भाग, हवालदार किंवा सुभेदार असतील तर शक्यता बरी. त्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा की पलटणीचा नंबर कोणी बोलायचं का. आमच्याकडे 'एकविसातला' असं एका शाखेचं नावच पडलं होतं, ते टोपणनाव नव्हतं, पलटण होती.

प्रश्न : आजोबांचे थोरले भाऊ बोटीवर खलाशी होते, दुसऱ्या महायुद्धात बोट बुडाली. ते सैनिक धरतात का? बाणकोट.

उत्तर : फौजेत नाही धरत, पण नोंद आहे. कॉमनवेल्थच्या त्याच वेबसाइटवर मर्चंट नेव्ही निवडून शोधा. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये स्मारक आहे, दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या आणि थडगं नसलेल्या जवळजवळ ६ हजार हिंदी खलाशांची नोंद त्यात आहे, पहिल्या महायुद्धातल्या २ हजारांवर खलाशांचं पण तिथेच. बोटीचं नाव कळलं तर अर्धं काम झालं. घरात त्यांची नली, म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक, असेल तर तिच्यात बोटींची नावं आणि तारखा असतात, तिची झेरॉक्स पाठवा. मूळ नली पाठवू नका, मागे एकांनी भर पावसात पाठवली ती माझ्या हातात आली तेव्हा पानं एकमेकांना चिकटून तिची वडी झाली होती.