वाचकांचे प्रश्न : शाळा सुटल्यानंतरची शाळा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे योगायोगाने एकाच विषयाकडे वळणारी आहेत : इटलीतील कॅथलिक चर्चच्या आवारात, स्थलांतरित कुटुंबांतील गरीब मुलांसाठी दुपारी चालणारे अभ्यासवर्ग. म्हणून हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी मूळची सांगलीची. पतीच्या नोकरीमुळे तीन वर्षांपासून आम्ही तुरीन शहरात, रेल्वे स्थानकाजवळच्या सान साल्व्हारिओ वस्तीत राहतो. घराजवळच्या चर्चमध्ये शाळा सुटल्यावर मोरोक्को, नायजेरिया, बांगलादेश, पेरू अशा ठिकाणांहून आलेल्या कुटुंबांतील मुलांचा अभ्यास घेतला जातो. मी गणिताची पदवीधर आहे हे कळल्यावर तेथील धर्मगुरूंनी आठवड्यातून दोन दुपारी येण्याविषयी विचारले. माझी इच्छा आहे, परंतु सासूबाईंनी फोनवर "तिथे पोरांना बाटवत असतील, आपण त्यात कशाला?" असे विचारले आणि मला उत्तर सुचले नाही. शिवाय माझे इटालियन कामचलाऊच आहे. मी जावे का?
— एक वाचक, तुरीन

उत्तर : सासूबाईंचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून आधी तोच घेतो. त्यांच्या शंकेला इतिहासात आधार आहे, आणि तो इटलीतलाच आहे. १८५८ साली, बोलोन्या शहर पोपच्या राजवटीखाली असताना, एका ज्यू कुटुंबातील एदगार्दो मोर्तारा या सहा वर्षांच्या मुलाला पोलिसांनी घरातून उचलून नेले. कारण एवढेच, की घरातल्या मोलकरणीने तो तान्हा असताना आजारपणात त्याचा गुपचूप बाप्तिस्मा केला होता आणि तत्कालीन कायद्यानुसार ख्रिस्ती झालेले मूल ज्यू आईबापांच्या हाती ठेवता येत नव्हते. ते मूल आईबापांना परत मिळाले नाही. मात्र त्यानंतर पुलाखालून बरेच पाणी वाहून गेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ साली धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला आणि श्रद्धा स्वीकारण्यासाठी कोणावरही जबरदस्ती करण्यास किंवा आमिष दाखवण्यास मनाई केली. आजच्या चर्चच्या कायद्यानुसार, मरणासन्न अवस्थेचा अपवाद सोडला, तर आईवडिलांपैकी निदान एकाच्या संमतीवाचून लहान मुलाचा बाप्तिस्मा करता येत नाही.

हे झाले कागदावरचे. प्रत्यक्षात काय चालते हे आपण दोन दुपारी कोपऱ्यात बसून पाहू शकता, आणि तसे पाहू द्यावे अशी विनंती करण्यात काहीही वावगे नाही. त्याच इमारतीत धर्मशिक्षणाचे वर्गही भरत असतील. अभ्यासाला येणाऱ्या मुलांना त्या वर्गांना बसावेच लागते का, हे स्पष्ट विचारावे. भिंतीवर क्रूस असणार, काही ठिकाणी खेळण्यापूर्वी मिनिटभराची प्रार्थना असते आणि मुसलमान मुले त्या वेळी नुसती उभी राहतात. एवढ्याने कोणी बाटत नाही. आपल्याकडे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या निम्म्या मध्यमवर्गाला हा अनुभव आहेच. धर्मापेक्षा अधिक काटेकोरपणे आपण दुसरी चौकशी करावी : मुलांसोबत एकट्या प्रौढाला ठेवले जाते का, खोलीची दारे उघडी असतात का, नव्या स्वयंसेवकाची कोणती पडताळणी होते. इटलीच्या बिशपांच्या परिषदेने मुलांच्या संरक्षणासाठी २०१९ मध्ये मार्गदर्शक नियम काढले आहेत. ते नियम त्या धर्मग्रामाला (पॅरिशला, म्हणजे त्या चर्चच्या कारभाऱ्यांना) ठाऊक नसतील, तर मी तेथे पाऊल टाकण्याआधी दोनदा विचार करीन.

आपण ज्या वस्तीत राहता, ती या कामाच्या दृष्टीने साधी वस्ती नाही. माटुंग्याच्या शाळेमुळे आपल्याला नावाने परिचित असलेले डॉन बॉस्को तुरीनमध्ये तरुण धर्मगुरू म्हणून आले, तेव्हा शहरात बांधकामे जोरात होती आणि खेड्यापाड्यांतून, डोंगरांतून आलेली पोरे गवंड्यांच्या हाताखाली, धुराडी साफ करण्याच्या कामावर राबत होती. ८ डिसेंबर १८४१ रोजी अशाच एका सोळा वर्षांच्या अनाथ गवंडी मुलाला चर्चच्या सेवेकऱ्याने, मिस्सेला (चर्चमधील मुख्य उपासनेला) मदत करता येत नाही म्हणून, झोडपून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले आणि विचारपूस सुरू केली. लिहिता येते का? नाही. वाचता येते का? नाही. शेवटी त्यांनी विचारले, शीळ वाजवता येते का? तेव्हा तो मुलगा हसला. या भेटीतून जी प्रथा वाढली तिला ऑरातोरिओ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ प्रार्थनास्थान. पण तुरीनच्या मुलाला विचारले तर तो चेंडू खेळायचे अंगण असेच सांगेल. १८४७ साली डॉन बॉस्कोंनी दुसरे ऑरातोरिओ पोर्ता नुओव्हा भागात, म्हणजे आपल्याच परिसरात, उघडले. तेव्हाचे स्थलांतरित तुरीनभोवतालच्या पिएमोंत प्रांताच्या डोंगरांतले होते, आजचे समुद्रापलीकडचे आहेत.

आता आपल्या कामचलाऊ इटालियनविषयी. ही अडचण आपण समजता तेवढी मोठी नाही. उलट मला ती काही अंशी लाभाची वाटते. या वर्गाला तेथे दोपोस्कुओला म्हणतात, म्हणजे 'शाळेनंतर'. माध्यमिक शाळा दुपारी दोनच्या सुमारास सुटते, आई कोणाच्या तरी घरी म्हाताऱ्यांची देखभाल करायला गेलेली असते, बाप गोदामात पाळीवर असतो आणि मूल गळ्यात घराची किल्ली अडकवून हिंडत असते. गृहपाठ शाळेच्या इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत चढवलेला असतो, तिचा पासवर्ड आईला चालवता येत नाही, म्हणून आपल्याच वाईट गुणांची बातमी आईला भाषांतरित करून सांगण्याचे काम मुलाकडेच येते. तो काय भाषांतर करीत असेल, हे वेगळे सांगायला नको. वर्गात मुलांची बोली तर झकास असते. भांडण, फुटबॉल, चेष्टा सगळे अस्सल तुरीनच्या वळणाचे. म्हणून शिक्षकांना वाटते की मुलाला भाषा येते, तो फक्त आळशी आहे. अंगणातली भाषा वर्ष-दोन वर्षांत येते; पाठ्यपुस्तकाची भाषा यायला पाच-सात वर्षे लागतात, असे भाषाशिक्षणाचे अभ्यासक सांगतात. मधल्या वर्षांत मूल नापास होते. इटलीत नापास करण्याची पद्धत अजून चालू आहे.

एक उदाहरण देतो. भागाकारात जी उरते त्या बाकीला इटालियनमध्ये 'रेस्तो' म्हणतात. दुकानात नोट दिल्यावर परत मिळणाऱ्या सुट्ट्या पैशांनाही 'रेस्तो'च म्हणतात. रोज आईसाठी पाव आणणाऱ्या मुलाला दुसरा अर्थ पक्का ठाऊक असतो. '५७ भागिले ८, रेस्तो किती?' असे विचारल्यावर तो गोंधळतो, कारण येथे कोणी काही विकत घेतलेले नाही. आपण मराठी आहात. 'बाकी' हा शब्द उदाहरणातही येतो आणि वाण्याच्या वहीतही, तेव्हा त्याचा गोंधळ आपल्याला चटकन कळेल. मग आठ युरोचे खेळणे, खिशात सत्तावन्न युरो, किती खेळणी येतील आणि दुकानदार किती परत देईल, असे मांडून दाखवावे. तेथे शिकवायला येणाऱ्या, जन्मापासून इटालियन बोलणाऱ्या निवृत्त बाईंना ही अडचण कित्येकदा दिसतच नाही.

मात्र जाण्यापूर्वी आपण स्वतः थोडा गृहपाठ करावा. तेथे भागाकाराची मांडणी आपल्यापेक्षा वेगळी असते : भाज्य डावीकडे, भाजक उजवीकडे आणि भागाकार भाजकाच्या खाली. भागाकाराचे चिन्ह म्हणून विसर्गासारखे दोन टिंब वापरतात. दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब, त्यामुळे १.५०० ही संख्या तेथे दीड नव्हे, दीड हजार असते. आपण आपली सांगलीची रीत शिकवायला गेलात तर उत्तर बरोबर येईल, परंतु दुसऱ्या दिवशी शिक्षिका मुलाच्या वहीवर लाल रेघ ओढतील.

तेव्हा, जावे. आणि एकदा सुरुवात केल्यावर वर्ष पूर्ण करावे. नाताळनंतर न येणाऱ्या स्वयंसेवकांची अशा मुलांना सवय झालेली असते.

प्रश्न : आमच्या वसईतही रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग असतात, पण ते आपल्याच मुलांसाठी. इटलीच्या चर्चला परक्या आणि पुष्कळदा परधर्मीय मुलांसाठी एवढे का करावेसे वाटते? पैसा कोठून येतो?
— एक वाचक, वसई

उत्तर : कारण इटालियन माणूस स्वतः अनेक पिढ्या परका होता. पिआचेंझाचे बिशप स्कालाब्रिनी यांनी १८८७ साली एक संघ स्थापन केला तो अमेरिकेला निघालेल्या इटालियन स्थलांतरितांसाठी. फ्रान्सिस्का काब्रिनी या धर्मभगिनी १८८९ साली न्यूयॉर्कला गेल्या त्याही तेथील गरीब इटालियन मुलांसाठी. पुढे १९५०–६०च्या दशकांत दक्षिण इटलीतील शेतमजूर फियातच्या मोटार कारखान्यात कामाला तुरीनला आले, तेव्हा 'दक्षिणेकडील लोकांना घर भाड्याने मिळणार नाही' अशा पाट्या याच शहरात लागत होत्या. आज मोरोक्कोच्या मुलाला पाढे शिकवणाऱ्या अनेक आजीबाई त्या दक्षिणी कुटुंबांतल्याच मुली आहेत. आज इटलीच्या शाळांत परदेशी नागरिकत्व असलेले नऊ लाखांहून अधिक विद्यार्थी आहेत, साधारण दर दहांमागे एक. त्यांतले निम्म्याहून अधिक इटलीतच जन्मले, परंतु १९९२च्या कायद्यामुळे, आईबाप परदेशी नागरिक असतील तर, केवळ तेथे जन्मल्याच्या आधारावर त्यांना नागरिकत्वासाठी अठरा वर्षे वाट पाहावी लागते.

पैशाचे उत्तर सोपे आहे. इटलीत करदाता आयकराचा हजारामागे आठ एवढा हिस्सा कोणत्या धर्मसंस्थेला किंवा सरकारला जावा हे लिहून देऊ शकतो. त्यातला मोठा भाग कॅथलिक चर्चकडे जातो. ऑरातोरिओंचे सामाजिक कार्य राज्याने २००३ साली कायद्याने मान्य केले आहे, त्यामुळे नगरपालिकेची मदतही मिळते. बाकी जागा चर्चची आणि माणसे फुकट.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि मला तो रास्त वाटतो : हे काम सरकारी शाळेचे आहे, ते दानधर्मावर का सोडावे? गंमत अशी, की हा आक्षेप सर्वांत तिखटपणे घेणारा मनुष्यही धर्मगुरूच होता. तोस्कानातील लोरेन्झो मिलानी यांनी १९५४ पासून बार्बियाना या डोंगरी वाडीत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी दिवसभराची शाळा चालवली, जिथे मोठी मुले धाकट्यांना शिकवीत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९६७ साली पुस्तक लिहून मागितले ते हेच : नापास करू नका, मागे पडणाऱ्याला दिवसभराची शाळा द्या. चार वर्षांनी प्राथमिक शाळांत पूर्ण वेळेचे वर्ग कायद्याने आले. उत्तरेत ते पुष्कळ आहेत, दक्षिणेत कमी. आणि माध्यमिक शाळा मात्र बहुतांशी दुपारीच सुटते.

प्रश्न : माझा भाऊ ब्रेशियाला कारखान्यात आहे. पुढच्या वर्षी त्याची पत्नी आणि बारा वर्षांचा मुलगा तेथे जाणार आहेत. मुलगा येथे सातवीत आहे, इटालियनचा गंधही नाही. अशा वर्गात त्याला घेतील का? आणि 'गरिबांच्या शिकवणीला' पाठवणे वहिनीला कमीपणाचे वाटते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : घेतील, बहुतेक ठिकाणी फी नसते किंवा नाममात्र असते. कमीपणाबद्दल एवढेच सांगतो, की त्या टेबलाभोवती डॉक्टर होऊ पाहणारी मुलेही बसतात आणि वहिनींना पहिली इटालियन मैत्रीणही बहुधा तेथेच, मुलाला न्यायला आल्यावर, मिळेल.

याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली : इटलीत कायद्याने मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घालायचे असते, आणि खालच्या वर्गात घालायचे झाल्यास शाळेच्या शिक्षकांना तसे ठरवावे लागते. भाषा येत नाही म्हणून दोन वर्षे मागे ढकलण्याला लगेच होकार देऊ नये. तेराव्या-चौदाव्या वर्षी तिसऱ्या माध्यमिकची, म्हणजे तेथील माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाची, परीक्षा होते आणि त्याआधीच, हिवाळ्यात, पुढची शाळा निवडावी लागते. परदेशी मुलांना शिक्षक अनेकदा व्यवसाय शाळेकडे वळवतात. गणितात चांगला असलेला मुलगा केवळ भाषेमुळे तिकडे जाऊ नये, हे सांगायला ओळखीचा इटालियन माणूस सोबत असला तर फरक पडतो, आणि असा माणूस दोपोस्कुओलामध्ये सापडतो.

दुसरी : शक्य असेल तर मुलाने सप्टेंबरऐवजी जूनमध्ये पोहोचावे. शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बंद होतात आणि लोंबार्दीतल्या, म्हणजे ब्रेशियाच्याच प्रांतातल्या, ऑरातोरिओंमध्ये 'ग्रेस्त' नावाची उन्हाळी शिबिरे सुरू होतात : दिवसभर खेळ, पोहणे, सहली, आणि सांभाळायला सोळा-सतरा वर्षांची पोरे. आठवड्याला थोडे पैसे पडतात. तेथे पाच आठवडे चेंडूमागे धावलेला मुलगा सप्टेंबरमध्ये वर्गात शिरतो तेव्हा त्याला निदान हाक मारणारे चार जण असतात.

सामानात लसीकरणाचे कार्ड ठेवावे, कारण तेथे सोळा वर्षांपर्यंत दहा लशी सक्तीच्या आहेत. आपण शाकाहारी असाल तर नाव नोंदवतानाच मांस, हॅम, मासे हे शब्द वेगवेगळे लिहून द्यावेत. नुसते 'मांस नको' म्हटले, तर मधल्या वेळच्या पावात प्रेमाने ट्यूना भरून देतात.