पायोनियर, प्यून आणि पाईक

प्रश्न : ‘ब्लॅक हिल्स पायोनियर’ या जुन्या अमेरिकन वृत्तपत्राच्या इतिहासाचं भाषांतर करतो आहे. ‘पायोनियर’साठी ‘अग्रदूत’ चालेल का?

नाही चालणार. एक तर वर्तमानपत्राचं नाव हे विशेषनाम. ‘केसरी’चं कोणी ‘लायन’ करत नाही. दुसरं, हा ‘अग्रदूत’ आता पुरे झाला. सत्कारसमारंभाच्या निवेदनापासून अग्रलेखापर्यंत ज्याला त्याला ‘पायोनियर’ म्हणायचं आणि मराठी करायची वेळ आली की ‘अग्रदूत’ ठोकून द्यायचा! अहो, दूत निरोप घेऊन जातो. पायोनियरच्या हातात कुदळ असते.

जुन्या फ्रेंचमध्ये हा साधा पायी चालणारा शिपाई. लॅटिनमध्ये ‘पेस’ म्हणजे पाऊल, तिथून तो आला. पुढे फौजेच्या आधी जाऊन झाडी तोडणारा, खंदक खणणारा, वाट करून देणारा तो पायोनियर. ब्रिटिश अमदानीत ‘बॉम्बे पायोनियर्स’ नावाची पलटणच होती. तिचे जवान बंदुकीबरोबर कुदळ-फावडीही वागवत.

आता खरी गंमत. त्याच लॅटिन मुळातून पोर्तुगीजांमार्फत आपल्या कचेरीतला ‘प्यून’ आला. बुद्धिबळातला इंग्रजी ‘पॉन’ही तिथलाच. आपलं ‘प्यादं’ आलं फारसीतून, पण त्याच्याही पोटात पायच आहे. संस्कृत ‘पद’, मराठी ‘पाय’, लॅटिन ‘पेस’ ही सगळी एकाच आदिम धातूची लेकरं. म्हणजे साहेबाच्या दारातला प्यून आणि पटावरचं प्यादं, दोघेही पायोनियरचे भाऊबंद!

आणि याच कुळातला ‘पाईक’ आपल्या घरात असताना आपण ‘अग्रदूत’ शोधत फिरतो. काही विद्वान ‘पाईक’ फारसी ‘पैक’वरून आणतात. त्यांनी प्राकृत कोश उघडलेला दिसत नाही. संस्कृत ‘पदाति’, प्राकृत ‘पाइक्क’, मराठी ‘पाईक’ अशी सरळ वंशावळ समोर असताना इराणला जायचं कशाला? फारसी ‘पैक’ म्हणजे जासूद, निरोप्या. आपला पाईक लढणारा. तुकोबांच्या पाइकाच्या अभंगांतला पाईक निरोप्या वाटतो का कोणाला? भाषणांतल्या ‘विचारांचे पाईक’मध्ये अडकवून आपण हा शब्द निस्तेज केला. फौजेतल्या पायोनियरला ‘पाईक’ म्हणा, असं मी ठामपणे सांगेन.

तुमच्या वृत्तपत्राच्या नावातला पायोनियर मात्र शिपाई नाही, तो वसाहतवाला आहे. 8 जून 1876 रोजी मेरिक आणि लाफलिन यांनी ब्लॅक हिल्स या डोंगराळ मुलखातल्या डेडवुड गावी पहिला अंक काढला, तेव्हा ते गावच काही महिन्यांचं होतं. ब्लॅक हिल्सची जमीन अमेरिकन सरकारशी झालेल्या 1868च्या तहाने तिथल्या मूळ रहिवाशांची, लकोटांची. 1874मध्ये अमेरिकन सेनाधिकारी कस्टर याच्या मोहिमेत तिथे सोनं सापडलं आणि तह मोडून गोरी माणसं घुसली. पहिल्या अंकाला तीन आठवडे व्हायच्या आत, 25 जूनला, लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लकोटा आणि त्यांच्या मित्रांशी लढताना कस्टर मारला गेला. डेडवुडमध्येच 2 ऑगस्टला नामांकित बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉकचा खून झाला. नव्या पत्राला बातम्यांची ददात नव्हती.

पण ‘अग्रदूत’ लिहिलंत की वाचकाला वाटणार, तिथे आधी कोणी नव्हतंच आणि हे प्रगतीची वार्ता घेऊन आले. लकोटा तिथे होते. म्हणून नाव ‘ब्लॅक हिल्स पायोनियर’च ठेवा, आणि मजकुरात जिथे ‘पायोनियर्स’ येईल तिथे सरळ ‘वस्ती करायला आलेले गोरे’ असं लिहा.