उसाच्या ट्रॉलीची चेष्टा आणि फुटलेला सायकल ग्रुप

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. रविवारी पहाटे तुमचा सायकल ग्रुप कोल्हापुरातून पन्हाळ्याला गेला आणि वाघबीळचा चढ तू आजवरच्या सगळ्यात कमी वेळात मारलास. परतताना घाट उतरल्यावर केर्लीजवळ मागचं टायर फाटलं. मित्राच्या पिकअपमध्ये सायकल टाकून शिवाजी पुलापर्यंत आलास, पण स्ट्राव्हा, म्हणजे राइड मोजणारं ॲप, बंद करायचं राहून गेलं. संध्याकाळी ग्रुपमधल्या वयानं मोठ्या दादांनी तुझ्या राइडचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'उसाच्या ट्रॉलीला धरून आला वाटतं पैलवान.' सगळे हसले. तू चिडून दादांचा जुना फोटो स्टेटसला लावलास, चढावर सायकल ढकलत चाललेला, आणि ग्रुप सोडलास. आता निम्मे तुझ्याकडं, निम्मे त्यांच्याकडं. येत्या रविवारी एक टोळी दसरा चौकातून निघणार, दुसरी रंकाळ्यावरून. तू विचारतोस, सायबर पोलिसांकडं तक्रार करू का, आणि ग्रुपमध्ये परत जाऊ का.

तुला राग का आला हे मला पुरतं कळतं. हौशी खेळाडूला पंच नसतो, मानधन नसतं, पेपरात नाव येत नाही. नोकरी-धंदा सांभाळून पहाटे उठायचं, पाय मोडेस्तोवर चढ मारायचा आणि हातात काय, तर तेवढी एक वेळ. तुझ्या जर्सीवरून, दोन प्लेट मिसळ हाणण्यावरून कितीही चेष्टा झाली तरी तू हसला असतास. वेळेवरून चेष्टा झाली की तो खोटेपणाचा आरोप होतो, मग पुढं कितीही इमोजी लावा. आपल्या तालमींतही चेष्टा काही कमी होत नाही. पण तिथं ज्याची चेष्टा होते तो समोर उभा असतो, तोंडावर उत्तर देतो, आणि विषय तिथंच संपतो. स्क्रीनशॉट मात्र तुझ्या पाठीमागं चार ग्रुपांत फिरून येतो. फुटबॉलच्या हंगामात एखाद्या स्टेटसवरून दोन तालमींच्या संघांच्या समर्थकांची कशी जुंपते, हे पेठेत राहणाऱ्याला सांगायला नको.

त्यात ट्रॉलीचा विषय मला साधा वाटत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं भरलेला असतो. त्यांना धरून जाणारी शाळकरी पोरं मी स्वतः पाहिली आहेत आणि थांबवून रागावलोही आहे. ट्रॅक्टरवाल्यानं खड्डा चुकवला तर पोरगं थेट चाकाखाली. तुमच्या ग्रुपमध्ये नवी पोरं आहेत. त्यांच्यासमोर ही गोष्ट गमतीची म्हणून जाऊ नये.

आता आकड्यांकडं ये. दादांची चेष्टा चुकली, पण त्यांना दिसलं ते खोटं नव्हतं. केर्लीपासून पुलापर्यंत तू गाडीत होतास आणि ॲपनं ते सायकलिंग म्हणून मोजलं. राइडचा सरासरी वेग त्यामुळं फुगला, आणि त्या सपाट टप्प्यावरच्या सेगमेंटवर, म्हणजे वेळ मोजायला ॲपवर आखलेल्या रस्त्याच्या तुकड्यावर, तुझं नाव सगळ्यात वर गेलं. त्या नंबरावर इतरांचाही घाम गेलेला आहे, हे विसरू नकोस. स्क्रीनशॉटमध्ये दिसते फक्त एकूण सरासरी, त्यामुळं गाडीतल्या त्या तुकड्यानं तुझ्या खऱ्या चढावरही शंका आली.

ती राइड उघड आणि वेगाचा आलेख हार्ट रेटच्या आलेखावर ठेवून बघ. वाघबिळात वेग खाली आहे आणि हार्ट रेट वर चढून तिथंच टिकलाय. केर्लीनंतर उलटं होतं: वेग एकदम वर जातो आणि हार्ट रेट शांतपणे खाली येतो. माणूस गाडीत बसला की हे असंच दिसतं, कुणाही अनुभवी सायकलवाल्याला क्षणात ओळखू येतं. ट्रॉली धरून चढलेल्याचा हार्ट रेट चढावर तसा टिकत नाही. शिवाय सेगमेंटची वेळ ॲप सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग धरतं, मध्ये थांबलास तरी घड्याळ चालूच राहतं. त्यामुळं थांबून विश्रांती घेऊन वेळ कमी दाखवली, असंही कुणी म्हणू शकत नाही. तुझा पुरावा तुझ्याच फोनमध्ये आहे.

तेव्हा आजच ती राइड क्रॉप कर, म्हणजे नको तो भाग कापून टाक. पिकअपचा भाग शेवटीच आहे, त्यामुळं काम सोपं आहे. शेवटचं टोक केर्लीवर आणून ठेव, सेगमेंट पुन्हा मोजले जातील आणि तो खोटा नंबर जाईल. मग राइडच्या वर्णनात सरळ लिही: 'केर्लीपासून पुढं टायर फाटल्यामुळं पिकअपमध्ये होतो, ॲप बंद करायचं राहिलं. तेवढा भाग काढला आहे. चढाची वेळ माझी आहे, हार्ट रेट उघडा ठेवला आहे.' एवढंच. यात दादांचं नाव नको, टोमणा नको. काहीजण म्हणतील, 'बघा, सापडला.' म्हणू दे. खरं तर शंका आली तर राइड फ्लॅग करायची, म्हणजे संशयास्पद म्हणून कळवायची सोय ॲपमध्येच आहे, किंवा दादांनी एक फोन करायचा होता. चारचौघांत हसं करायची काहीच गरज नव्हती, आणि हे तू त्यांना स्पष्ट सांग.

पण त्याआधी तुझं स्टेटस. इथं मी तुझ्या बाजूनं नाही. तूच लिहिलंयस की दादांची अँजिओप्लास्टी झालीय आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ते हळूहळू परत सायकलवर आले. तो फोटो त्या दिवसांतला. छातीवर ताण येऊ नये म्हणून माणूस खाली उतरून सायकल ढकलतोय, आणि तू ती हार म्हणून जगाला दाखवलीस. त्यांनी तुझ्या एका वेळेवर शंका घेतली, तू त्यांच्या आजारपणावर हसलास. ट्यूब कशी बदलायची हे तुला त्यांनीच शिकवलं असंही तू लिहिलंयस. स्टेटस चोवीस तासांत गेलं असेल, पण ज्यांनी बघितलं त्यांनी बघितलं. त्याची माफी तुझ्याकडून स्वतंत्र जायला हवी. त्यांनी आधी मागावी, मग मी मागतो, असला हिशेब यात चालणार नाही.

त्यांना भेटायला एकटा जा. घरी जा, संध्याकाळी, आधी फोन करून. रविवारी राइड सुटताना सगळ्यांसमोर नको, आणि मिसळीच्या टेबलावर तर अजिबात नको. तिथं दहाजण मध्ये तोंड घालतात आणि मिटत आलेलं पुन्हा पेटतं. आधी फोटोबद्दल बोल, मग ट्रॉलीबद्दल. 'दादा, चेष्टा करा, पण माझ्या वेळेवर शंका आली तर मला विचारा' हे वाक्य तोंडावर म्हण. वयानं मोठे आहेत म्हणून गिळू नकोस. गिळलेलं पुढच्या राइडला बाहेर येतंच.

सायबर तक्रारीचा विचार सोड. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या कलम ६६अ च्या नावानं लोक अजून धमक्या देतात ते सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच रद्द केलंय. राहिली बदनामी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. तो अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस आपणहून तपास करत नाहीत, न्यायालयात फिर्याद तुलाच करावी लागेल. एका ओळीच्या चेष्टेसाठी तारखांना हेलपाटे मारणार? आणि तुझ्या स्टेटसवरून दादाही तुझ्याविरुद्ध तेच म्हणू शकतात.

ॲडमिननं काय करायला हवं होतं, तेही बोलतो, कारण अशा वेळी सगळे भांडणाऱ्या दोघांकडंच बघत राहतात. व्हॉट्सॲपवर ॲडमिनला कुणाचाही मेसेज सर्वांसाठी काढता येतो. दादांचा मेसेज पहिल्या पाच मिनिटांत काढून 'दादा, त्याला फोन करा' एवढं लिहिलं असतं तर हे इथवर आलंच नसतं. दुसऱ्याच्या राइडचा स्क्रीनशॉट त्याला विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकायचा नाही, हा नियम आत्ताच करून घ्या. आणि दोन ठिकाणांहून निघायचा बेत मोडा. अंधारात, उसाच्या वाहतुकीत, मोठा गट एकत्र असला तर दिवे जास्त दिसतात. पंक्चर झालं तर थांबायला माणसं असतात. रुसव्यापायी ती सोय घालवू नका.

ग्रुपमध्ये परत जा, पण दादांशी बोलून झाल्यावर. जुन्या लिंकवरून गुपचूप शिरू नकोस. ॲडमिनला फोन करून सांग, 'दादांशी बोललोय, मला घे.' दादांनी बोलायला नकार दिला तरी क्रॉप आणि माफी तुझ्या बाजूनं पूर्ण कर, आणि रविवारी दसरा चौकात वेळेवर उभा राहा. काय झालं ते इथं कळव.