पेशींचे ‘विभाजन’ नव्हे, ‘सीमांकन’

प्रश्न असा आहे: कर्करोगाच्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत आणायचे आहे. बायोप्सीच्या स्लाइडचे चित्र संगणक कसे तपासतो, हे त्यात सांगितले आहे. त्यातल्या ‘सेल सेगमेंटेशन’ला, म्हणजे चित्रातली एकेक पेशी रेघेने वेगळी दाखवण्याला, ‘पेशीविभाजन’ म्हणावे का? शब्दकोशात सेगमेंटेशन म्हणजे विभाजन असेच दिले आहे. शिवाय टिश्यूला, म्हणजे एकसारखे काम करणाऱ्या पेशींच्या समूहाला, ऊती म्हणावे की ऊतक?

‘विभाजन’ अजिबात नको. दुसऱ्या एखाद्या विषयात तो शब्द खपून गेला असता, पण नेमका इथे तो घात करतो. शाळेत जीवशास्त्र शिकलेल्या कुणालाही पेशीविभाजन म्हटले की एका पेशीच्या दोन पेशी होणे आठवते. कर्करोग हा तर बेसुमार पेशीविभाजनाचाच आजार. ‘संगणक पेशींचे विभाजन करतो’ हे वाक्य रुग्णाने वाचले तर तो घाबरेल, आणि घाबरला नाही तरी भलतेच समजून बसेल. त्यातून पेशीविभाजन ही या तपासणीत खरोखर मोजायची गोष्ट आहे. स्तनाच्या कर्करोगाची ग्रेड, म्हणजे तो किती आक्रमक दिसतो ते, ठरवताना पॅथॉलॉजिस्ट (स्लाइड तपासणारे डॉक्टर) विभाजनाच्या अवस्थेत सापडलेल्या पेशी मोजतात. केआय-६७ ही चाचणीही त्याच अंगाने जाते: हे प्रथिन विभाजनाच्या चक्रात शिरलेल्या पेशींत सापडते, विसावलेल्या पेशींत सापडत नाही. (नावातले ‘केआय’ जर्मनीतल्या कील शहराचे.) म्हणजे एकाच पानावर ‘विभाजन’ दोन अर्थांनी येणार, आणि कुठे कुठला अर्थ घ्यायचा हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहिले की शब्द सुचतो. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात, त्याचे ३ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप घेऊन काचेवर चढवतात आणि रंगवतात. हिमॅटॉक्सिलिन या रंगाने पेशींची केंद्रके, म्हणजे गाभे, निळी-जांभळी होतात, इओसिनने भोवतालचा भाग गुलाबी. मग स्लाइड स्कॅन होते. ४० पट भिंगाच्या स्कॅनमध्ये एक पिक्सेल साधारण ०.२५ मायक्रॉनचा असतो. १५ मिलिमीटर लांब-रुंद कापाचे चित्र त्या हिशेबाने ६०,००० गुणिले ६०,०००, म्हणजे ३६० कोटी पिक्सेलचे होते. एवढे चित्र एका घासात गिळता येत नाही, म्हणून आधी त्याचे लहान लहान चौकोन पाडतात. विभाजन म्हणायचेच तर ते इथे, आणि तेही चित्राचे. इंग्रजीतही या पायरीला सेगमेंटेशन म्हणत नाहीत, टायलिंग म्हणतात.

सेगमेंटेशन त्यानंतरचे. सॉफ्टवेअर एकेका केंद्रकाभोवती बंद रेघ ओढते. रेघेच्या आतले पिक्सेल त्या केंद्रकाचे, बाहेरचे दुसऱ्या कुणाचे तरी. यात पेशी कुठे दुभंगत नाही, काही तुटत नाही. जमिनीच्या मोजणीत हद्द कायम होते आणि मग क्षेत्र निघते, तसा हा प्रकार आहे. म्हणून तांत्रिक मजकुरात मी ‘सीमांकन’ लिहीन आणि रुग्णांच्या पत्रकात सरळ ‘हद्द आखणे’. ‘खंडीभवन’ वाचले की अंगावर वळ्या-वळ्यांचे खंड असलेले गांडूळ आठवते. ‘विखंडन’ तर मुळीच नको. मराठीत अणूच्या गाभ्यालाही केंद्रकच म्हणतात, त्यामुळे ‘केंद्रकांचे विखंडन’ थेट अणुभट्टीत पोहोचते.

आता ‘पेशींचे’ या शब्दाकडेही पाहायला हवे. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर पेशीची बाहेरची कड बऱ्याचदा दिसतच नाही. स्पष्ट दिसते ते केंद्रक. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात सुरू झालेले क्यूपाथ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घ्या. ते आधी केंद्रक शोधते आणि मग ठरवून दिलेल्या काही मायक्रॉन अंतरापर्यंत रेघ बाहेर फुगवून पेशीची हद्द धरते. शेजारची पेशी आडवी आली की रेघ तिथे थांबते. म्हणजे केंद्रकाची हद्द चित्रातून मिळालेली आणि पेशीची हद्द अंदाजाने धरलेली. मूळ मजकुरात ‘सेल सेगमेंटेशन’ असले तरी मोजणी केंद्रकांची असेल, तर मराठीत ‘केंद्रकांचे सीमांकन’ लिहिणे जास्त प्रामाणिक.

दोन्ही अर्थ कुठे भिडतात तेही सांगतो. विभाजनाच्या शेवटच्या टप्प्यात पेशीतले गुणसूत्रद्रव्य दोन गडद पट्ट्यांत सरकलेले असते. पॅथॉलॉजिस्ट ते एकच विभाजन म्हणून मोजतात. साध्या सीमांकनात मात्र तिथे दोन स्वतंत्र रेघा पडू शकतात, दोन केंद्रके समजून. ही चूक मराठीत समजावून सांगायची तर हाताशी दोन वेगळे शब्द हवेतच: ‘एका विभाजनाचे सीमांकन दोनदा झाले.’ दोन्हीकडे ‘विभाजन’ घातले तर या वाक्याला काही अर्थच उरत नाही.

ऊती की ऊतक? दोन्ही बरोबर. पाठ्यपुस्तकांत ऊती रुळला आहे, विश्वकोशात ऊतक भेटतो. दोन्हींच्या मुळाशी संस्कृत ‘वे’ म्हणजे विणणे हा धातू आहे; ‘ऊत’ म्हणजे विणलेले. ‘ओतप्रोत’मधला ‘ओत’ही त्याच धातूचा. टिश्यूच्या मुळाशी असलेला फ्रेंच शब्दही विणलेल्या कापडाचाच, आणि हिस्टॉलॉजीतला ग्रीक ‘हिस्टोस’ मागाचा. इतक्या जुन्या, जिवंत कुळाचा शब्द आपल्याकडे असताना तो टाकून ‘टिश्यू’ लिहावे असे मला वाटत नाही. अडचण फक्त अनेकवचनाची आहे. ऊती एकवचनातही ऊती आणि अनेकवचनातही ऊतीच. जिथे संख्या महत्त्वाची असेल तिथे ‘ऊतक, ऊतके’ सोयीचे पडते. तुमच्या पत्रकापुरते मात्र ‘तपासायला काढलेला तुकडा’ म्हणा. घरात आणि ओपीडीत माणसे तेच बोलतात.

‘स्वयंचलित’ हा शब्दही जपून वापरा. त्याने यंत्रच निदान करते असा समज होतो. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची असते. मी ते वाक्य असे लिहीन: ‘तुमच्या तुकड्याच्या स्लाइडचे मोठे चित्र काढले जाते. संगणक त्यातल्या केंद्रकांच्या हद्दी आखतो आणि ती मोजतो. ही मोजणी पाहून आणि स्लाइड स्वतः तपासून पॅथॉलॉजिस्ट निदान करतात.’