वडील २००१ मध्ये वारले असतील, तर विवाहित मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा मिळतो का?

होय, हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत तुमचा वाटा भावाइतकाच आहे आणि लग्नामुळे तो जात नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतील हिस्सेदार, ठरवले. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. सातबाऱ्यावर केवळ भावांची नावे चढली म्हणून हा हक्क संपत नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झाले असल्यास ते कायम राहते, तसेच त्यापूर्वीची विक्रीही. त्यामुळे आधी जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी, काढून तपासा आणि तोवर, घरच्यांनी कितीही गळ घातली तरी, हक्कसोडपत्रावर कृपया सही करू नका.