छपाईच्या प्रेसशिवाय लिनोकटमधून (लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून छापण्याची पद्धत) गुलामगिरी, वेठबिगारी हा विषय कसा मांडावा? माझ्या कच्च्या रेखाटनात साखळदंड आणि बांधलेले हात आहेत.

तुम्ही कच्च्या रेखाटनात साखळदंड आणि बांधलेले हात घेतलेत. ते आधी काढून टाका. हे इतक्यांदा पाहिलेलं असतं की नजर त्यावर ठरत नाही. १७८९ साली लंडनमध्ये छापलेला ब्रुक्स या गुलामवाहू जहाजाचा आराखडा बघा. चाबूक नाही, आक्रोश नाही. फळ्यांवर खेटून निजवलेल्या माणसांच्या फक्त रांगा. कायद्याने त्या जहाजावर ४५४ माणसं भरायला मुभा होती. माणसाचा माल कसा होतो, हे त्या रांगाच सांगतात.

ठशाचं बळ याच पुनरावृत्तीत आहे. ५ × ८ सेंमीच्या लिनोवर ओझ्याखाली वाकलेली एकच आकृती कोरा. शाई एकदाच लावा आणि पुन्हा न लावता ओळीने छापत जा. पहिली आकृती काळीकुट्ट येते, पुढच्या करड्या होत जातात, शेवटी नुसती सावली उरते. माणूस झिजत जाणं वेगळं काढून दाखवावं लागत नाही.

यासाठी तेलाची शाई घ्या. पाण्याची शाई ठशावरच सुकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या छापालाच डाग पडतात. कागद पातळ हवा, खाली वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्या. ठसा उपडा ठेवून तळव्याने सरळ दाबा. जरा सरकला की कडा दुहेरी येते. ओळींसाठी पेन्सिलीने फिकट रेघा आधीच मारून ठेवा.

लिनो कडक वाटला तर थोडा गरम करा. बाह्यरेषा व्ही आकाराच्या टोकाच्या हत्याराने, मोकळी जागा यू आकाराच्या टोकाच्या हत्याराने कोरा. रेषेच्या भिंती बाहेर उतरत्या ठेवा. आतून पोखरल्या तर बारीक रेषा दाबाखाली तुटते. दुसरा हात कायम हत्याराच्या मागे. बारीक रेषा बुजल्या तर शाई जास्त झालीय. रोलर फिरवताना बारीक चरचर ऐकू यायला हवी, चपचप आवाज आला तर शाई पसरून थर पातळ करा.

कर्जाच्या वहीतले आकडे घालणार असाल तर ते उलटे कोरावे लागतील. ट्रेसिंग कागदावर लिहा, कागद पालथा घालून उतरवा.

आणि आजही वेठीला असलेल्या माणसाचा फोटोवरून ओळखू येईल असा चेहरा कोरू नका. छापून वाटलेल्या प्रती परत गोळा करता येत नाहीत, आणि मालकाला तो चेहरा ओळखता आला तर त्रास त्या माणसालाच होतो. पाठ, पाय, हातातलं अवजार यांतून पुष्कळ सांगता येतं.